तिकडून उचल बे

कप्तानाने उभ्या आयुष्यात कुणाचं भांडण तोंडाने सोडवलं नाही. दोन माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली की तो त्यांना समजावत नसे, शपथा घालत नसे, "झालं-गेलं गंगेला मिळालं" असलं गुळमुळीत काही बोलत नसे. तो फक्त त्या दोघांना एखादी जड वस्तू उचलायला लावायचा. एकट्याला उचलत नाही आणि तिसऱ्याची गरज पडत नाही, अशी. एक माणूस इकडून, एक तिकडून. मग चार पावलांत कुणाला तरी तोंड उघडावंच लागतं. "हळू", "थांब जरा", "तिकडून उचल" एवढं जरी निघालं तरी पुढचं आपोआप निघतं, असा त्याचा अनुभव होता. "ओझं बोलतं करतंय बे," तो म्हणायचा, "आपण निस्तं ओझं शोधायचं."

पाटोद्याच्या बाजारपेठेत त्याचं दुकान होतं. फावडी, टिकाव, घमेली सगळं मिळायचं, पण जीव होता तो दोरांमध्ये. दारातच सोल, दावी, बैल आवरायचे कासरे यांची वेटोळी टांगलेली. नायलॉनचे रंगीत दोर आले, लोक तेच नेऊ लागले, तरी अंबाडीचे दोन-चार कासरे तो मागच्या खिळ्याला ठेवायचाच. ते विकायला नव्हते, वास घ्यायला होते. अंतर मोजायचं त्याचं मापही कासराच. "बीड किती लांब हाय, कप्तान?" असं कुणी विचारलं की तो डोळे बारीक करून म्हणे, "आसंल की लाख-दोन लाख कासरे. कावून, पायी निगालास का?" आणि हे बोलायच्या आधीच हसायला लागे. त्याचं हसू नेहमी पुढे पळायचं, गोष्ट मागून धापा टाकत यायची. शाळेच्या कबड्डी संघाचा कप्तान म्हणून चिकटलेलं नाव त्याला पन्नाशी ओलांडली तरी सुटलं नाही. खरं नाव बाजारातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं.

त्याच्या घरात एकदा सासू-सुनेचं बिनसलं. कारण आमटीतलं मीठ की पाहुण्यांपुढचा चहा, ते कुणालाच नीट सांगता येत नव्हतं, पण दोघी आठवडाभर भिंतीशी बोलत होत्या. कप्तानाने काय करावं? जुन्या लुगड्यांची थरावर थर घातलेली सगळ्यांत जाड गोधडी त्याने अंगणातल्या टाकीत बुडवली आणि "चुकून पडली" म्हणून दुकानात निघून आला. भिजलेली गोधडी एकट्या बाईला पिळता येत नाही. एक टोक आईच्या हातात, एक बायकोच्या. आणि दोघी रागाच्या भरात एकाच बाजूला पिळायला लागल्या, त्यामुळे गोधडी नुसतीच गरागरा फिरायला लागली. शेवटी म्हातारी ओरडली, "आगं उलटं पीळ की, कशी माझ्याच संगं फिरायलीस!" सुनेला हसू फुटलं. संध्याकाळी कप्तान घरी गेला तर दोघी एका ताटात शेंगा फोडत बसल्या होत्या आणि मिळून त्याच्यावर चिडलेल्या होत्या. हा किस्सा तो आम्हाला सांगायचा तेव्हा शेवटपर्यंत कधीच पोचला नाही. 'गरागरा'लाच हसून लोळायचा.

दुसरी त्याची खोड म्हणजे 'ठरलं!' हा शब्द. चर्चा त्याला सोसत नसे. मागच्या मार्गशीर्षात स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा पिताना त्याने मोबाइल आमच्यापुढे धरला. पायाला लांबट फळ्या बांधून माणसं पांढऱ्याशुभ्र बर्फावरून सुसाट खाली येत होती. मी होतो, आणि आमचा हरी होता. हरी धनगराचा, आता शेळ्यांचा मोठा गोठा करून बसलेला. "आपल्याला जमंल हे," कप्तान म्हणाला. हरी म्हणाला, "आन् गुडघ्यांचं काय?" "गुडघे बी येतील की संगं. बे, डोंगराच्या उतारावर वाळल्या गवतावरनं पोत्यावर बसून घसरलोत आपण. चड्ड्या फाटल्या, मार खाल्ला, तरी सोडलं न्हाई. बर्फ तर मऊ आसतंय. ठरलं!" घरोघरच्या लक्ष्म्या म्हणाल्या, ऐन हुरड्याच्या दिवसांत कुणी गाव सोडतं का? पण कप्तानाचं ठरलं म्हणजे ठरलं. मी एकच गोष्ट खालच्या आवाजात विचारली, "वासू येणार आहे का?" कप्तान माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्याचं काय काम हाय तिथं?"

आता हा वासू कोण, ते सांगायला हवं. वासुदेव माझा बालमित्र. त्यांची बागायत मोठी, गावच्या राजकारणात घराण्याचं वजन, आणि मी प्राथमिक शाळेतला मास्तर. पण लहानपणापासून आम्ही एका ताटात जेवलेले. त्याच्या लेकीला मीच मुळाक्षरं शिकवली. तिच्या लग्नात मी पहाटेपासून कार्यालयात राबत होतो, पंगतीत वाढत होतो. आणि स्टेजवरून माइकवाला एकेकाचं नाव पुकारत होता. आमचे मार्गदर्शक, आमचे आधारस्तंभ, अमक्याचे मेहुणे, तमक्याचे व्याही. प्रत्येकाला फेटा, प्रत्येकाला शाल. ज्यांनी नवरीला कधी पाहिलं नव्हतं त्यांच्याही डोक्यावर फेटे चढले. माझं नाव आलं नाही. बुंदीची बादली हातात घेऊन मी बोडक्या डोक्याने शेवटपर्यंत थांबलो, मग बादली खाली ठेवली आणि न जेवता घरी आलो. मास्तर माणसाला मान जरा जास्तच लागतो. त्या दिवसापासून आमचा अबोला पडला तो तीन वर्षं. संक्रांतीचा तिळगूळसुद्धा आम्ही एकमेकांना कप्तानाच्या हातून पाठवायचो, आणि 'गोड बोला' म्हणायचं कामही त्याच्यावरच सोडायचो.

मला वासूची आठवण येत नसे असं नाही. रोज येई. शाळेत काही गमतीचं घडलं की संध्याकाळी त्याला सांगायला पाय निघायचे आणि कोपऱ्यावरून परत फिरायचे. पण आधी कुणी बोलायचं? तीन वर्षांत हा प्रश्न इतका मोठा झाला होता की मूळ फेटा त्याच्याखाली केव्हाच दडपून गेला होता.

नगरच्या स्टेशनवर गाडीत चढलो तर खिडकीशी वासू बसलेला. मला बघून त्याचा चेहरा पडला, त्याला बघून माझा. त्यालाही सांगितलं होतं, मास्तर येणार नाही. कप्तान मध्ये उभा राहून बॅगा सरकवण्यात अगदी गढून गेला होता. त्याच्या खांद्यांवरूनच कळत होतं की तो हसतोय.

दिल्लीपर्यंत आमचं संभाषण कप्तानाच्या मार्फत झालं. "कप्तान, त्यांना सांग, खिडकी लावा म्हणावं, गार वारं येतंय." "कप्तान, त्यांना सांग, खिडकी अडकलीया." "मग त्यांना सांग, जागा बदला." "त्यांना सांग, रिझर्वेशन माज्या नावावर हाय." हरीने वैतागून घोंगडी तोंडावर ओढली. कप्तान मात्र मोठ्या प्रामाणिकपणे निरोप इकडून तिकडे करत होता, समोरासमोर बसलेल्या माणसांचे. मध्येच म्हणाला, "बे, एवढी बोली तर मी बैलबाजारात बी केली न्हाई." त्याने आम्हा दोघांना एकत्र एक ट्रंक उचलायला लावायचा डाव दिल्लीला टाकून पाहिला, पण वासूने हमाल केला. हा डाव फसल्यावर कप्तान जरा वेळ गप्प बसला. तो गप्प बसला की आम्हाला धास्ती वाटायची.

मनालीच्या वरच्या अंगाला आम्ही पोचलो त्याच्या आदल्या रात्री बर्फ पडून गेलं होतं. सकाळी पडदा सारला आणि बघतच राहिलो. संक्रांतीचा दिवस. आकाश असं निळं की त्याला हात लावला तर रंग लागावा, झाडांवर बर्फ, छपरांवर बर्फ, आणि दिवस कासराभर वर आल्यावर त्या सगळ्यावर असं ऊन पडलं की डोळे उघडवेनात. थंडी होती, पण ऊन आपल्याकडच्या जानेवारीतलंच, पाठीला गोड लागणारं. हरी उन्हाकडे पाठ करून उभा राहिला आणि म्हणाला, "हुरडा पायजे होता बे." सगळ्यांच्या मनातलं बोलला. कप्तानाच्या बायकोने बांधून दिलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही तिथंच, बर्फात उभं राहून खाल्ली.

भाड्याने कपडे मिळाले. कप्तानाच्या मापाचा सूट एकच निघाला, तोही भडक गुलाबी. त्याने तो आनंदाने घातला आणि नवरदेवासारखा सगळ्यांसमोरून फिरून आला. हरीने जॅकेट घेतलं, पण त्यावर घोंगडी पांघरलीच. शिकवायला एक स्थानिक गृहस्थ होते, आमच्याच वयाचे, उन्हाने रापलेले, कमी बोलणारे. कप्तानाने पहिल्याच मिनिटाला त्यांचं नामकरण केलं, वस्ताद. "देखो वस्ताद, हमकू गिरने का डर नहीं है, बस रोकना कैसे वो बताव," तो आपल्या ठेवणीतल्या हिंदीत म्हणाला. वस्तादांनी दाखवलं: थांबायचं तर दोन्ही फळ्यांची टोकं पुढे जवळ आणायची, टाचा फाकवायच्या. "आत वळलेल्या शिंगांवानी," कप्तानाने आमच्यासाठी भाषांतर केलं. आणि मुख्य म्हणजे, अंग पुढे झुकवायचं. मागे झुकलात की गेलात.

आम्ही चौघेही मागे झुकलो. एकूण एक वेळा. उतार लागला, वेग वाढला की आमच्या मुठी छातीशी यायच्या, कोपरं मागे जायची, अंग आपोआप मागे कलायचं, आणि दुसऱ्या क्षणी आम्ही पाठीवर. हरी तर वर "हौ, हौ रं!" अशी आरोळीही ठोकायचा. वस्ताद चक्रावून गेले. त्यांनी हयातीत पुष्कळ लोक पडताना पाहिले असतील, पण चार माणसं हुबेहूब एकाच तऱ्हेने पडताना पहिल्यांदाच पाहत होते. "आप लोग हाथ से क्या खींच रहे हो?" त्यांनी विचारलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कप्तानाचं हसू सुटलं ते थांबेचना. बर्फात फतकल मारून, डोळे पुसत तो म्हणाला, "आरं, आपण समदे कासरा वडायलोत बे! गाडी उताराला लागली की बैलं आवरायलोत!" खरंच होतं. उतार दिसला की मागे रेलून कासरा खेचायचा, हे आमच्या अंगात इतकं भिनलेलं की पुढे बैल नाहीत हे अंगाला पटतच नव्हतं. "जन्मभर कासरे इकले," कप्तान म्हणाला, "पर सोडायचे कसे ते कुणाला सांगितलंच न्हाई."

त्यानंतर जरा जमायला लागलं. दुपारपर्यंत आम्ही दहा-वीस पावलं न पडता यायला लागलो. लहान पोरं सुर्रकन् बाजूने जायची आणि आम्ही त्यांना 'या, या, पुढं व्हा' म्हणून वाट द्यायचो. मग कप्तानाने वरच्या टप्प्याकडे बोट दाखवलं. "तिथनं सरळ खाली. एकदा. ठरलं!" वस्ताद नको नको म्हणत होते, पण त्याला कोण ऐकवणार? शेवटी ते आमच्याबरोबर वर आले आणि एकेकाला अंतर ठेवून सोडायला लागले. पहिला कप्तान, मग वासू, मग मी. हरी शेवटी, वस्तादांच्या हाताला धरून.

मी निघालो. हात पुन्हा छातीशी यायला लागले. तेवढ्यात खाली घसरत चाललेला वासू दिसला. गुडघे वाकवून, अंग पुढे टाकून, पाय फाकवून तो असा काही उभा होता की मला एकदम त्यांचं काळं रान आठवलं. पेरणीआधी ढेकळं फोडायला बैलांमागे लाकडी फळी ओढतात. वजनासाठी तिच्यावर पोरांना उभं करतात. वासू पुढे, मी मागे, माझे हात त्याच्या कमरेला. फळी ढेकळांवरून उडत जायची, आम्ही गुडघे वाकवून तग धरायचो, आणि त्याचे वडील पुढून ओरडायचे, "कासरा माज्याकडं हाय, तुमी निस्तं उभं ऱ्हावा!" माझ्या मुठी सुटल्या. गुडघे आपोआप वाकले. आणि काय सांगू, मी चाललो! वारं कानांवरून चाललं होतं, बर्फाचा बारीक चुरा उन्हात चमकत उडत होता, आणि पन्नाशीचा एक मास्तर भर उन्हात मोठमोठ्याने ओरडत खाली येत होता. तसा आनंद मला त्याआधी कधी झाला असेल तर त्या फळीवरच झाला होता. आणि तेव्हा वाटलं, हे वासूला सांगायला हवं. तीन वर्षांनी पुन्हा तेच वाटलं, आणि ज्याला सांगायचं तो पुढे पन्नास पावलांवर होता.

तेवढ्यात खाली गुलाबी गोळा गडगडला. कप्तान. एक फळी इकडे, एक तिकडे, काठ्या हवेत. "मेलो बे!" अशी आरोळी आली आणि तो बर्फात उताणा पडून राहिला. वासू त्याला ओलांडून खाली जाऊन थांबला, मी कसाबसा कप्तानाच्या अलीकडेच थांबलो, म्हणजे पडलो. पायांतल्या फळ्या काढून सरपटत जवळ गेलो. "काय झालं? कुठं लागलं?" कप्तान दात आवळून म्हणाला, "पाय मुरगळला, मास्तर. डावा. धक्का नगं लावू." त्याच्या विखुरलेल्या काठ्या गोळा करायला मी बाजूला गेलो, तोवर फळ्या सोडून वासू धापा टाकत वर चढून आला आणि त्याच्याजवळ वाकला. दोघांचं काहीतरी खालच्या आवाजात चाललं. वर पाहिलं तर हरी घोंगडीसकट बर्फात रुतलेला आणि वस्ताद त्याला उपसत होते. त्यांना यायला वेळ होता. खाली चहाची टपरी दिसत होती. उन्हात असलो तरी कप्तानाला बर्फावर किती वेळ ठेवणार?

आम्ही दोघे त्याच्या दोन बाजूंना उभे होतो. तो नव्वद किलोचा असेल. एकट्याला उचलत नव्हता.

वासूने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी आम्ही हातांची पालखी करायचो, आपलं एक मनगट आपण धरायचं, दुसऱ्या हाताने समोरच्याचं. मी हात पुढे केले. हातमोज्यांनी पकड बसेना, म्हणून आम्ही हातमोजे काढले. त्याने माझं मनगट धरलं. त्याचा हात बर्फासारखा गार होता. कप्तान आमच्या गळ्यांत हात टाकून बसला. उचलायला गेलो तर सगळं वजन माझ्या अंगावर कललं. आणि वासू ओरडला,

"दिग्या, तिकडून उचल बे!"

दिगंबर माझं नाव. शाळेत सर, गावात गुरुजी, मित्रांत मास्तर. दिग्या म्हणणारा जगात एकच उरला होता आणि तो तीन वर्षं मला 'ते' म्हणत होता. मी म्हणालो, "उचललंय की. तूच खाली धरलंयस." एवढंच. पण बांध फुटला. खाली जाईपर्यंत आमची तोंडं बंद झाली नाहीत. "हळू घे, उतार हाय." "उतार मला दिसतोय, तू टाचा रोव." मध्ये कप्तान स्वारीच्या थाटात, "डावीकडं घ्या, तिथं भुसभुशीत हाय. आरं नवरदेवाला आसं हिसके देतेत का?" तो हसत होता की कण्हत होता, कळत नव्हतं. वासू मात्र कप्तानाच्या उजव्या पायाला फार जपत होता. दुखरा पाय डावा, तो माझ्या बाजूला. हा उजव्यालाही एवढा जपतो म्हणजे मनाने किती हळवा, असं वाटून मला त्याचं कौतुक वाटलं.

अर्ध्या वाटेत दम खायला कप्तानाला एका दगडावर टेकवलं, आणि वासू माझ्याकडे न बघता म्हणाला, "माज्या लेकीच्या लग्नातनं उपाशी गेलास तू."

"मग काय करू? सगळ्या तालुक्याला फेटा बांधला. माझं नाव नाही घेतलं."

"घरच्या माणसाचं नाव माइकवर पुकारतेत का बे?" तो एकदम उसळला. "पुकारतेत ते पाव्हण्यांचं. घरच्यांचे फेटे आत खोलीत बांधायलो होतो. तुला हुडकाय माणूस धाडला, तर मास्तर भाईर बादली घेऊन पंगतीत. मग म्हणलं, आल्यावर बांधू. तू आलासच न्हाई. तुजा फेटा अजून कपाटात हाय. बायको दरसाली उन्हात घालती आन् परत ठिवती."

मी बुटांवरचं बर्फ झटकत राहिलो. कप्तान दगडावर बसून आकाशाकडे बघत होता, जणू हे सगळं दुसऱ्या कुणाच्या गावात चाललं होतं. थोड्या वेळाने म्हणाला, "पाठीला गार लागायलंय, उचलता का आता?"

टपरीवर बसून आम्ही चहा पीत होतो तेव्हा वासू उठला, गळ्यातला लांबलचक मफलर सोडला आणि माझ्यामागे उभा राहून माझ्या डोक्याला गुंडाळायला लागला. घट्ट, नीट, एकावर एक फेरा देत, शेवटी मागे शेमला सोडून. टपरीवाल्या बाई थांबून बघायला लागल्या. हरी आणि वस्ताद तेव्हाच येऊन पोचले. हरीने न सांगता टाळ्या वाजवल्या. कप्तानाने मूठ तोंडापुढे माइकसारखी धरली आणि साऱ्या डोंगराला ऐकू जाईल अशा आवाजात पुकारलं, "पाटोद्याचे आधारस्तंभ, आमचे मार्गदर्शक, दिगंबर मास्तर!" मी हसत होतो आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. सगळ्यांना सांगितलं, बर्फावरच्या उन्हाने येतं. मग वासूने तिळाचा लाडू काढून स्वतःच्या हाताने माझ्या हातावर ठेवला. 'गोड बोला' म्हणायचं तो विसरला, पण ते आता कुणाला हवं होतं?

संध्याकाळी हॉटेलात मी गरम पाणी मागायला गेलो. परत येताना पाहिलं तर कप्तान जिना दोन-दोन पायऱ्या टाकत चढत होता, तोंडाने काहीतरी गुणगुणत. मला पाहिल्यावर थबकला आणि कठड्याला धरून लंगडायला लागला. मी काही विचारलं नाही, त्याने काही सांगितलं नाही. शाळेपासून गावोगावी कबड्डी खेळलेल्या त्या माणसाचा पाय कधी मुरगळल्याचं मला आठवत नव्हतं. वासूपाशीही मी हा विषय काढला नाही. काही गोष्टी उकरू नयेत.

परत आल्यावरचे ते महिने फार छान गेले. रोज संध्याकाळी दुकानाच्या फळीवर आम्ही चौघे. कप्तान बर्फाची गोष्ट प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा, आणि दर वेळी तो उतार शे-दोनशे कासऱ्यांनी वाढायचा. पुढच्या जानेवारीत पुन्हा जायचं त्याने ठरवून टाकलं होतं. वासूने खरा फेटा घरी बोलावून बांधला, त्या दिवशी मी त्याच्याकडे दोन माणसांचं जेवलो.

दिवाळीच्या आधी, एका सकाळी, दुकान उघडून दोरांची वेटोळी दाराला टांगता टांगता कप्तान खाली बसला तो उठला नाही. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. चौकात फ्लेक्स लागला तेव्हा लोक थांबून वाचत होते आणि विचारत होते, हे कोण वारले? फोटो पाहिल्यावर मटकन बसत होते. त्याचं खरं नाव सगळ्यांना कळलं ते असं.

तिरडीच्या पुढच्या दोन बाजूंना मी आणि वासू होतो. डावीकडे मी, उजवीकडे तो. मला सारखं वाटत होतं, आता कप्तान ओरडणार, 'हळू बे, म्होरं खड्डा हाय.' गावाबाहेर विसाव्याला तिरडी खाली ठेवतात, खांदेकरी बाजू बदलतात. आम्ही घाम पुसत उभे होतो. वासू बराच वेळ कप्तानाच्या पायांकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "दिग्या, त्याचा पाय मुरगळला होता ना बर्फात."

"हो."

"लई दुखत होता म्हणं उजवा."

"डावा," मी म्हणालो. "मला त्याने डावा सांगितला होता."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. वासूचे गाल फुगले, माझे खांदे हलायला लागले, आणि भर विसाव्यावर, साऱ्या गावासमोर, आम्ही दोघे हसायला लागलो. थांबता येईना. हरीने आमच्याकडे पाहिलं, त्याला काही कळलं नाही, पण आम्हाला हसताना बघून तो रडायला लागला, आणि मग आम्हीही. लोकांनी खाली बघितलं.

मग आम्ही बाजू बदलल्या. मी उजवीकडे आलो, वासू डावीकडे गेला. दोघे वाकलो.

"तिकडून उचल बे," वासू म्हणाला. "पाय जप त्याचा."

"कोणता?" मी विचारलं.